दुसऱ्यांदा बसवलेला खुबा

८ डिसेंबर, रविवार. दवाखाना.

उद्या सकाळी ऑपरेशन. दुपारपासून जो येतो तो एकच विचारतो, कुठला पाय. शेवटी एका डॉक्टरांनी उजव्या मांडीवर निळ्या पेनानं बाण काढला. मी म्हटलं, चुकून डाव्याला हात लावू नका, तो एकच धड आहे. ते हसले. मलाही जरा हलकं वाटलं.

हा खुबा बसवून तेरा वर्षं झाली. पहिली दहा वर्षं कसलाही त्रास नव्हता. टेलिफोन एक्स्चेंजचे जिने मी नवीन मुलींच्या पुढं चढून जायचे. मग मांडीत कळ यायला लागली. बसून उठलं की पहिल्या काही पावलांना जीव जायचा. दोन वर्षं सगळे सांगत राहिले, वय झालं, वजन कमी करा, जास्त विचार करू नका. आमचे हेसुद्धा एकदा म्हणाले, "तुझं लक्षच सारखं पायाकडं असतं." या नव्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि पेनाचं टोक ठेवून दाखवलं: आतली वाटी झिजलीय, दांडा हाडात सैल झालाय, हलतोय. "एवढं असताना तुम्ही चालत कशा होतात?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले. सांधा गेल्याचं दुःख करायचं तर मला सुचलंच नाही. माझं दुखणं खरं होतं एवढंच डोक्यात होतं.

भीती एकाच गोष्टीची आहे. जुनं काढताना आतले तुकडे तपासायला पाठवणार आहेत. त्यात जंतू निघाले तर नवं बसवलेलंही काढायचं, काही महिने सांध्याशिवाय पडून राहायचं आणि मग तिसऱ्यांदा. हे कळल्यापासून आमच्या ह्यांचं बोलणं कमी झालंय. मघापासून तोच पेपर वाचतायत.

१२ डिसेंबर, गुरुवार. दवाखाना.

झालं एकदाचं. कमरेखाली बधिर केलं होतं, झोपेचंही औषध दिलं होतं, तरी मध्येच जाग आली आणि ठोकाठोक ऐकू आली. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी कपाट बसवत असावं तशी. दुखत काही नव्हतं. हे आपल्यातच चाललंय, एवढा विचार आला आणि परत झोप लागली.

परवा वॉकर धरून उभी केली. उजव्या पायावर अर्धाच भार द्यायचा. जखम दुखते, पण उभं राहिलं की मांडीत जी सुरी फिरायची ती नाही. खात्री करायला मी आज उगीचच परत उभी राहिले. नाही. अजून कुणाला सांगितलेलं नाही. दृष्ट लागायची.

१५ डिसेंबर, रविवार. घरी.

काल घरी आणलं. आमचा मुलगा शरणबसव आज पुण्याला परत गेला. त्याच्या कंपनीत वर्षअखेरीची गडबड आहे. जाताना पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून पलंग उंच करून गेला, कमोडवर उंच बैठक बसवून गेला. गुणाचा आहे.

नियम फार आहेत. पायावर पाय टाकायचा नाही, वाकायचं नाही, बुटक्या खुर्चीत बसायचं नाही, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. नाहीतर सांधा निखळतो. आमचे हे दिवसभर ते नियम मला वाचून दाखवतात. चहाही करतात. चहाचा काढा होतो, पण पिते.

१७ डिसेंबर, मंगळवार.

दुपारी बेल वाजली. ह्यांनी दार उघडलं तर दारात सिद्धम्माक्का. माझ्या थोरल्या जाऊबाई. मैंदर्गीहून एकट्या एसटीनं आल्या. दोन पिशव्या आणि गोधडीचं गाठोडं, म्हणजे मुक्कामाच्या तयारीनं.

"मल्लू, पाणी आण," म्हणाल्या आणि माझ्या पलंगाशेजारची खुर्ची धरून बसल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हे चौथीत होते. त्यांच्या लेखी अजून तिथंच आहेत.

पहिल्या ऑपरेशनला अक्का फिरकल्यासुद्धा नव्हत्या. वाटणी झाल्यापासून आमची गाठ लग्नकार्यात नाहीतर मातीला. आणि आज न बोलावता आल्या. घोटभर पाणी पिऊन पहिला प्रश्न काय, तर "महानंदा, टाकं दाव बघू."

मी म्हटलं, "अक्का, पट्टी आहे वर."

"मग पट्टी कवा काढणार?"

आणि लिफ्टनं आल्या. वास्तुशांतीला आल्या तेव्हा "त्या पेटीत मी जित्तेपनी शिरणार न्हाय" म्हणून तीन मजले चढून आल्या होत्या.

१९ डिसेंबर, गुरुवार.

अक्कांच्या चौकशा संपत नाहीत. कापताना शुद्ध होती का. किती मोठं कापलं. रक्त चढवलं का. संडासला कसं बसतेस. रात्री कूस बदलता येते का. पहिल्यांदा जास्त दुखलं की आत्ता. मी दवाखान्यातल्या ठोकाठोकीचं सांगितलं तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तरी पुढं विचारलंच, "कशानं ठोकत्यात गं? लाकडाच्या की लोखंडाच्या?"

एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून गेली. ट्रंककॉलवर माणूस पहिला शब्द बोलला की मला कळायचं, बारशाचा निरोप आहे की मयताचा. आवाज मला फसवत नाही. अक्कांचा आवाज ऐकून मला पक्कं कळतंय की गावात जाऊन पारावर सांगायला त्यांना सगळं तपशीलवार पाहिजे.

अंग मात्र चांगलं पुसतात. माझा पाय उचलताना गुडघ्याखाली आणि टाचेखाली असे दोन हात घालतात. ह्यांना आणि शरणबसवला शिकवूनही ते जमलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

भाकरी ओट्यापाशी उभ्यानं थापतात. आमच्या सासूबाईंच्या राज्यात चुलीपुढं मांडी घालून सगळ्या घराच्या भाकरी करणारी बाई. मी म्हटलं, खाली पाट मांडायला सांगू का? तर "बेडा, बेडा" म्हणाल्या. नको, नको. मैंदर्गीला शहराची हवा लागली म्हणायची.

२१ डिसेंबर, शनिवार.

आज मला राग आला. आमच्याकडं दुसरा संडास आहे, साधा, बसायचा. तरी अक्का माझाच कमोड वापरतात, उंच बैठकीसकट. मी ह्यांना हळूच म्हटलं, जरा सांगा की त्यांना. हे म्हणाले, "वैनीला मी काय सांगू? तू सांग." मग राहिलं.

दुपारी जाग आली तर वॉकर जागेवर नाही. हाक मारणार तेवढ्यात दिसलं, अक्का वॉकर धरून पॅसेजमधनं सावकाश चालतायत. चेहरा गंभीर. मी बघतेय कळल्यावर लगेच आणून ठेवला. "हलका हाय की," म्हणाल्या. त्यांना अडुसष्टावं चालू आहे आणि खेळ सुचतायत.

२३ डिसेंबर, सोमवार.

टाके काढायला दवाखान्यात नेलं. टाके निघाले, पण खालच्या कोपऱ्यातून पाणी येतंय. डॉक्टर वाकून बराच वेळ बघत होते. बोलले काहीच नाहीत, तेच मला आवडलं नाही. घट्ट पट्टी बांधली. म्हणाले, "चार दिवस चालणं कमी. रोज पट्टी बदलायची. तुकड्यांच्या तपासणीचा शेवटचा रिपोर्ट अजून यायचाय, तो बघू आणि ठरवू."

काय ठरवू, ते मी विचारलं नाही.

घरी आलो. अक्का दारातच उभ्या होत्या. ह्यांच्याकडं बघितलं आणि न विचारता आत जाऊन चहा ठेवला.

२५ डिसेंबर, बुधवार.

पट्टी आजही ओली.

शेजारच्या विजयमाला आल्या होत्या. त्यांच्या आईचे गुडघे बदलायचं चाललंय. "काकू, तुमचा अनुभव विचारावा म्हटलं. करून घ्यावं का?" सकाळपासून मला काही सहन होत नव्हतं. मी म्हटलं, "करू नका. काठी घेऊन चालवा, सरपटत न्या, पण हे करू नका. एकदा कापून घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, आता तिसऱ्यांदा पाळी आलीय. वैऱ्यालासुद्धा सांगणार नाही मी."

विजयमाला बिचाऱ्या गोंधळल्या. अक्का चहा घेऊन दारापर्यंत आल्या होत्या. तिथंच थांबल्या. मग ट्रे तसाच घेऊन परत आत गेल्या. पाहुणीला चहा मिळालाच नाही. मलाच दोनदा हाक मारावी लागली.

रात्रीचं जेवल्या नाहीत. पोट भरलंय म्हणाल्या.

२६ डिसेंबर, गुरुवार.

सकाळी बघते तर अक्कांच्या पिशव्या भरून दाराशी.

"वेळ अमावस्या आली की. शेतात पूजा न्हाय करायची व्हय? सून एकली काय काय करंल?"

मी म्हटलं, बरं. आणखी काय म्हणणार? मनात आलं, करमेनासं झालं असणार. बातमी घेऊन झाली, आता इथं ओल्या पट्ट्या बदलायला कोण बसतंय. वाईट वाटलं. आल्या तेव्हा नकोशा होत्या, आता निघाल्या तर घर आत्ताच रिकामं वाटतंय. माणसाचं काही खरं नाही.

हे मात्र दारात आडवे उभे राहिले. "वैनी, रिपोर्ट येईपर्यंत थांबा. माझ्यानं एकट्यानं निभायचं नाही."

यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. अक्काही बघत राहिल्या. मग पिशवीतलं लुगडं काढून परत खुंटीला लावलं. "बरं. रिपोट बगून जाते," म्हणाल्या.

२८ डिसेंबर, शनिवार.

काही नाही निघालं. एकाही तुकड्यात जंतू नाहीत.

हे सकाळीच दवाखान्यात गेले होते. लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळत आले, दारात उभे राहिले आणि बोलता येईना. मला वाटलं, संपलं. मग हातातला कागद पुढं करून नुसती मान हलवली. मान आडवी हलवली, त्यामुळं अजूनच घाबरले. शेवटी म्हणाले, "काही नाही. डॉक्टरांना तीनदा विचारलं. काही नाही म्हणाले. पाणी वरच्या कातडीतलं आहे, सुकेल." आज पट्टी खरंच कोरडी होती. कालही थोडीच ओली होती, पण मी विश्वास ठेवला नव्हता.

अक्का भाजी निवडत होत्या. "म्हंजी परत उघडायचं न्हाय?"

"नाही, वैनी."

"आत समदं चांगलं हाय?"

"चांगलं आहे."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली, माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. हमसून. भाऊजी गेले तेव्हाही त्यांना मी असं रडताना पाहिलेलं नाही. माझा त्यांच्यावर इतका जीव नाही आणि त्यांचा माझ्यावर इतका असेल, असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. मग ह्यांनी केलेला तो चहाचा काढा आम्ही तिघांनी प्यायला आणि आज तो मला चांगला लागला.

३० डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या.

अक्का गावाला गेल्याच नाहीत. आता कसं जायचं, पट्टी सुटू दे, म्हणाल्या. वेळ अमावस्येला शेतात नाही असं त्यांचं आयुष्यातलं हे पहिलंच वर्ष असेल.

दुपारी त्यांचा बसप्पा मोटारसायकलवरून डबे घेऊन आला. भज्जी, वाफवलेले उंडे, ताकाची अंबील, बाजरीची भाकरी. इतक्या भाज्या एकत्र शिजलेली ती भज्जी खाल्ली आणि अंगात जीव आला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मागून घेतलं.

जाताना मायलेकरं गॅलरीत हळू बोलत उभी होती. बसप्पाचा आवाज जरा चढला. "इन्नू हेळिल्लेनु?" अजून सांगितलं नाहीस का? अक्कांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

म्हणजे काहीतरी सांगायचंय. मला लगेच विहिरीवरचा शेताचा तुकडा आठवला. वाटणीत तो आमच्याकडं आला, तेव्हापासून बसप्पाचा डोळा त्याच्यावर आहे. आता कळलं मुक्काम कशासाठी ते. परवाचं रडणं आठवून मन खट्टू झालं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच." ह्यांना माणसं कळत नाहीत.

६ जानेवारी, सोमवार.

जखम पूर्ण भरली. आंघोळ केली, अंगावर तांब्यानं पाणी ओतून घेतलं. सुख म्हणजे काय ते आज कळलं.

व्यायाम दोन वेळा. आडवं पडून पाय बाजूला नेणं, टाच ओढणं, मांडी आवळून धरणं. मी पलंगावर करते आणि अक्का समोरच्या दिवाणावर पडून तेच करतात. त्यांचा डावा पाय तर माझ्याहून कमी उचलतो. मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला कशाला? पेशंट मी आहे." त्या म्हणाल्या, "तुला सोबत."

विहिरीचा विषय अजून निघत नाही. मी वाट बघतेय.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

हे गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आले. अक्कांना चला म्हणाले होते, त्या गर्दी नको म्हणाल्या. आम्ही दोघी घरात तिळगूळ खात बसलो. सासूबाईंच्या गोष्टी निघाल्या. त्या सासूबाईंची नक्कल करतात ती हुबेहूब. हसून हसून माझी कंबर दुखली, आणि कंबर दुखली तरी खुबा दुखला नाही हे लक्षात येऊन आणखी हसले.

अशा माणसाच्या मनात जमिनीचं असेल, असं आज वाटेना.

२२ जानेवारी, बुधवार.

आजचं नीट लिहायचं आहे.

सहा आठवड्यांची तपासणी होती. अक्का म्हणाल्या मी येणार. मी म्हटलं, तासन्‌तास बसावं लागतं. तरी म्हणाल्या येणार. इरकल नेसून तयार होऊन बसल्या.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावला. दांडा जागच्या जागी, वाटी जागच्या जागी. "हाडानं धरायला सुरुवात केलीय. आता हळूहळू पूर्ण भार द्या. वॉकर सोडा, काठी घ्या." मला त्यांनी खोलीतच चालवून बघितलं. मी चालले. सरळ चालले. आमच्या ह्यांनी खिडकीकडं तोंड केलं आणि चष्मा पुसला.

निघायचं म्हणून अक्का उठल्या. दोन्ही हात टेबलावर रोवून आधी अर्ध्या उठल्या, तिथं थांबल्या, मग पूर्ण. पहिलं पाऊल टाकायच्या आधी पुन्हा थांबल्या. डॉक्टर त्यांच्याकडं बघत होते.

"आजी, कुठला पाय?"

मी म्हटलं, "डॉक्टर, पेशंट मी आहे."

"तुमचं झालं. ह्यांचा कुठला?"

अक्कांनी दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "डावा."

"किती दिवस झाले?"

"चार वर्सं. ह्या वर्सी लई. मांडी घालता येत न्हाय. खाली बसलं तर कुनीतरी वडून काडावं लागतंय."

मी उभीच होते. कुणीतरी मला खुर्ची दिली. डॉक्टरांनी त्यांना तिथंच टेबलावर झोपवलं, पाय वळवून बघितला, अक्कांनी दात आवळले. फोटो काढला. माझ्या फोटोशेजारी लावला. मलासुद्धा कळलं त्यातलं. सांध्यात फट म्हणून उरली नाही, हाडावर हाड.

रिक्षात मी म्हटलं, "अक्का, महिना झाला तुम्ही माझं अंग पुसताय. एका शब्दानं बोलला नाहीत?"

"तुला तिकडं चिरलेलं. त्यात माजं गाऱ्हाणं कुटं गाऊ?"

"पण बसप्पा..."

"त्योच तर मागं लागलाय दोन वर्सं. करून घे, करून घे. मला भ्या वाटतंय की गं. त्यात कळलं तुजं परत उघडलं. मनात म्हनलं, जाऊन डोळ्यानं बगावं, मानूस ह्यातनं उटतंय का न्हाय." मग पदर सावरत म्हणाल्या, "खरं सांगू, महानंदा? मी तुला बगायला आलेच न्हवते. तुजा पाय बगायला आले होते."

पुढच्या सीटवर ह्यांचे खांदे हलताना दिसले. हसत होते. मला आधी काय वाटावं तेच कळेना. अठ्ठावीस तारखेचं ते रडणं आठवलं. ते कुणासाठी होतं? मग मीही हसायला लागले. अक्का घाबरून माझ्याकडं बघतायत आणि मला थांबता येईना.

"राग आला व्हय?"

"नाही आला."

"त्या दिशी तू त्या शेजारनीला म्हनलीस वैऱ्यानंबी करू नये, तवा मी पिशवी भरली. वाटलं, न्हाय बाबा. हाय ते बरं हाय."

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, तुम्हाला काही शंका आली नव्हती? हे म्हणाले, "वैनी लंगडतात हे तर आपल्या वॉचमनलासुद्धा दिसत होतं. मला वाटलं, तुला माहीत आहे."

२७ जानेवारी, सोमवार.

आता उलटं चाललंय. मी सांगते, अक्का ऐकतात. बसायचं कसं, उठायचं कसं, उशी कशी. विजयमालांना बोलावून घेतलं आणि त्या दिवशीचं बोलणं मागं घेतलं. म्हटलं, तेव्हा पट्टी ओली होती. आईचं करून घ्या. अक्कांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं.

खरं तर मला झोप नीट येत नाही. माझ्या पायाकडं बघून त्या तयार झाल्या. त्यांचं काही कमीजास्त झालं तर? मी ह्यांच्याजवळ बोलले. ते म्हणाले, "तुझं चांगलं झालं ते तू लपवून ठेवणार होतीस का?"

१७ फेब्रुवारी, सोमवार.

काठी घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. येताना वाण्याकडून खोबरं घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा एकटीनं दुकानात उभी राहिले. वाण्यानं विचारलं, "गावाला होता का?" म्हटलं, व्हय.

अक्का पंधरा दिवस मैंदर्गीला जाऊन आल्या. रक्ताच्या, हृदयाच्या तपासण्या सगळ्या व्यवस्थित. पुढच्या महिन्यात तीन तारीख मिळाली. बसप्पानं मला फोन करून आभार मानले. विहिरीवरच्या तुकड्याचं त्यानं काही काढलं नाही. मीही नाही.

२ मार्च, रविवार. दवाखाना.

आज अक्कांना भरती केलं. सकाळी घरून निघताना त्या अचानक म्हणाल्या, "साकु. पुरं झालं. न्हाय करायचं. मला गावाला सोड." बसप्पा समजावायला लागला, हे समजावायला लागले, तसतशा त्या आणखी घट्ट बसल्या. शेवटी मी काठी कोपऱ्यात ठेवली आणि त्यांच्यासमोर नुसतं चालून दाखवलं, दारापर्यंत आणि परत. पुन्हा एकदा. जरा कलते अजून, पण चालले.

त्यांनी बघितलं. पाय बघितला, चेहरा नाही. मग म्हणाल्या, "चल. पिशवी दे मल्लूकडं."

त्यांच्या मांडीवरही आता निळा बाण आहे. पुसेल म्हणून त्यावरून पांघरूण घेत नाहीत.

५ मार्च, बुधवार. दवाखाना.

परवा ऑपरेशन झालं. व्यवस्थित. डॉक्टर बाहेर येऊन सांगेपर्यंत मी आणि बसप्पा एकमेकांकडं बघायचं टाळत होतो. सांगितल्यावर बसप्पा माझ्या पाया पडला. नको नको म्हणेपर्यंत पडलाही.

अक्कांची पहिली तक्रार माझ्याबद्दल. "ठोकल्याचा आवाज येतोय म्हनलीस, काय आला न्हाय की. मी झोपले व्हते." त्यासाठी त्या तयारी करून गेल्या होत्या म्हणे, मनातल्या मनात देवाचं नाव घेत बसायचं असं ठरवून.

आज त्यांना वॉकर धरून उभं केलं. मी समोर उभी. नर्स एका बाजूला, बसप्पा दुसऱ्या. चेहरा घामानं भिजलेला. उभ्या राहिल्या. पाय जरा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मला भीती वाटली. मग खाली, त्या डाव्या पायाकडं बघत म्हणाल्या, "ती कुटं गेली?"

"काय कुठं गेली, अक्का?"

"कळ."

बसप्पा हसला, नर्स हसली. मी नाही हसले. मला माहीत होतं त्या काय विचारतायत.

आता दुपार झालीय. बसप्पा जेवायला गेलाय, आमचे हे औषधं आणायला. अक्का उताण्या झोपल्यात, दोन पायांत उशी, घोरणं व्हरांड्यापर्यंत ऐकू जातंय. मघाशी झोपेतच त्यांनी पाणी मागितलं. मी उठले, टेबलावरचा तांब्या रिकामा होता म्हणून बाहेर नळापर्यंत जाऊन भरून आणला, त्यांना चमच्यानं दोन घोट दिले, तोंड पुसलं आणि येऊन परत खुर्चीत बसले.

बसल्यावर लक्षात आलं, काठी इथंच खुर्चीला टेकलेली आहे. उठताना, जाताना, येताना मला पायाची आठवणच झाली नव्हती.